सकाळी कॉम्प्युटर चालू होत नाही, एकदा झाला की दिवसभर नीट – हार्ड डिस्क गेली का?

झेरॉक्सवाली_ताई:
नमस्कार, आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. डेस्कटॉप जुना आहे, मागच्या वर्षी त्यात एसएसडी (नवीन, वेगवान प्रकारची डिस्क) टाकली आणि विंडोज त्याच्यावर घेतलं, जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क पण आतच आहे. गेले आठ दिवस सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, कंपनीचं नाव येतं आणि मग काळ्या स्क्रीनवर रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस, म्हणजे विंडोज असलेली डिस्क सापडत नाही असं येतं, पुढे काहीच नाही. परवा दुरुस्तीवाला येऊन निळ्या स्क्रीनमध्ये काहीतरी करून गेला, मग दिवसभर छान चालला, मी दोनदा रीस्टार्ट पण केला. काल सकाळी परत तेच!! तो म्हणतो डिस्क जातेय, नवीन घ्या, फॉरमॅट करावा लागेल. पण त्यात तीन वर्षांचा हिशोब आणि लोकांची कागदपत्रं आहेत हो, बॅकअप नाही. काय करू?

पुणेरी_पीसी:
आधी केबल बघा. एसएसडीची साटा केबल (डिस्क बोर्डला जोडणारी) सैल झाली की हाच मेसेज येतो. दोन्ही टोकं काढून परत घट्ट बसवा, जमलं तर केबलच बदला.

सोल्डर_काका:
ताई, फॉरमॅट अजिबात करू नका, थांबा जरा. केबल सैल असती तर दिवसा पण कधीतरी अडकला असता, तुमचा फक्त सकाळीच अडकतो. दोन गोष्टी सांगा. रात्री मेन स्विच बंद करता का? आणि सकाळी घड्याळात तारीख कुठली दिसते?

झेरॉक्सवाली_ताई:
हो काका, सासऱ्यांनी लावलेली सवय आहे, दुकान बंद करताना मेन स्विच पाडायचाच, पावसात शॉर्ट सर्किटची भीती असते. आणि तारीख!! परवा २०१२ सालची दिसत होती, सरकारी साइट उघडतच नव्हती, सुरक्षित नाही असं येत होतं, मला वाटलं नेट गंडलंय.

सोल्डर_काका:
मग मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम, त्याचं सेटिंग आणि घड्याळ या सेलवर जिवंत राहतं. मेन चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएसमधून (आतला वीज देणारा डबा) बोर्डला थोडी वीज मिळत राहते, म्हणून दिवसा काही कळत नाही. रात्री मेन पाडला की सगळं पुसलं जातं, सकाळी बायोस मूळ सेटिंगवर येतं आणि एसएसडीऐवजी जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज शोधायला जातं, तिथे ते नाहीच. साइट उघडत नाही ते पण तारखेमुळेच, जुन्या तारखेला त्यांचं सर्टिफिकेट चालत नाही.

खात्री करायची तर आज बायोसमध्ये तारीख आणि बूटचं सेटिंग लावून घ्या (कसं ते खाली सांगतो) आणि एक रात्र मेन चालू ठेवा, सकाळी नीट सुरू झाला तर दोष सेलचाच.

सेल बदलताना प्लग काढा, मग पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. सेलच्या कडेला छोटी पत्र्याची खिटी असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल आपोआप वर येतो. नवीन बसवताना अधिकची खूण वर. नंतर सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, तारीख लावा, बूटमध्ये (विंडोज कुठल्या डिस्कवर आधी शोधायचं तो क्रम) एसएसडी पहिली करा, एफ१० ने सेव्ह.

पुणेरी_पीसी:
काका बरोबर, माझ्या लक्षातच आलं नाही. एक भर घालतो, एवढं करूनही विंडोजचा निळा एरर आला तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बघा, काही जुने बोर्ड मूळ सेटिंगला आयडीई ही जुनी पद्धत धरतात, तो आधी होता तसा एएचसीआयला करायचा. आणि ताई, सुरू झाला की पहिलं काम बॅकअप, डिस्क चांगली असली तरी.

झेरॉक्सवाली_ताई:
झालं!!! रात्री मेन चालू ठेवला तर सकाळी बरोबर सुरू झाला. मग घड्याळवाल्याकडून सेल आणला, त्याने जुना मीटरवर लावून दाखवला तर ३ ऐवजी २.१ व्होल्ट दाखवत होता. काल रात्री मेन पाडूनच गेले, आज पहिल्या झटक्यात विंडोज आलं, तारीखही बरोबर. काका, दादा, खूप खूप आभार, मी तर आज नवीन डिस्कचे पैसे देणार होते. आत्ता पेनड्राइव्हवर हिशोबाची कॉपी चालू आहे.