लॅपटॉप दुरुस्तीला देताना पासवर्ड द्यायचा का?

नमस्कार मंडळी,
लॅपटॉपची बॅटरी फुगलीय, टचपॅड वर उचलला गेलाय. दुकानातल्या फॉर्मवर पासवर्डचा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय काम घेत नाहीत. आत आईबाबांच्या सुपर व्हिसाचे (आईवडिलांना कॅनडात दीर्घकाळ राहता येईल असा व्हिसा) कागद आहेत, टॅक्सचे आहेत, शिवाय मंडळाची सभासद यादी. देऊ का?
— खजिनदार, ब्रॅम्प्टन

दादा, अजिबात देऊ नका.
बॅटरी बदलायला विंडोज उघडावंच लागत नाही. मागचं झाकण काढून जुनी काढायची, नवी बसवायची; ती नीट लागलीय का ते बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) दिसतं.

आपल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासलं. बॅटरी बदलायला नेली तरी जवळजवळ प्रत्येक दुकानाने पासवर्ड मागितला. मग त्यांनी मुद्दाम आवाज बंद पाडलेले लॅपटॉप दुरुस्तीला दिले, आत काय उघडलं जातंय याची गुपचूप नोंद होईल अशी सोय करून. १६ पैकी ६ ठिकाणी खासगी फायली चाळल्या गेल्या, २ ठिकाणी त्या कॉपी करून घेतल्या. बाईच्या नावाने दिलेल्या लॅपटॉपवर हे जास्त झालं. काहींनी तर नुकत्याच उघडलेल्या फायलींची यादीही पुसून टाकली. हे वाचून माझा संताप झाला होता.

पण नुसता पासवर्ड लपवून भागत नाही. डिस्क एन्क्रिप्ट (म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी) नसेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं वाचता येतं. सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजमधली त्यासाठीची सोय) चालू आहे का बघा, आणि रिकव्हरी की (डिस्क उघडायचा लांबलचक आकडा) आधी कागदावर उतरवून घरी ठेवा; दुरुस्तीनंतर मशीन ती मागू शकतं. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, दाबू नका, स्वतः उघडायला जाऊ नका. उरलेल्या चार्जवर जेवढं होईल तेवढंच करा.

आणि सभासद यादी आजच काढा. त्यात आमच्या सगळ्यांचे पत्ते, मुलांच्या जन्मतारखा आहेत. तुमच्या पासवर्डबरोबर त्याही दुसऱ्याच्या हाती जातात.
— ग्वेल्फहून एक सभासद

ताईंना दुजोरा. फोन द्यायचा असेल तर नव्या सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो चालू केला की फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो, मेसेज दिसत नाहीत.
— मिसिसागा

आभार, ताई. यादी काढली, एन्क्रिप्शन चालूच होतं. दुसऱ्या दुकानाने पासवर्डशिवाय काम घेतलंय. मंडळाची यादी यापुढे कुणाच्या घरच्या लॅपटॉपवर ठेवायची नाही, हा विषय पुढच्या बैठकीत घेतोय.
— खजिनदार