मदत हवी आहे: हिवाळ्यासाठी परदेशात घर घ्यायचंय, पण पुढे एकट्याने राहावं लागलं तरी निभेल अशी जागा कोणती?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघंही आता निवृत्त आहोत. मी 64 वर्षांची, हे 70 चे. राहतो तो देश उत्तरेकडचा, डिसेंबरात दुपारी चारच्या आत दिवे लावावे लागतात. ह्यांचे गुडघे आणि माझा दमा, दोन्ही थंडीत बळावतात. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च उन्हाच्या देशात काढायचे आणि बाकीचं वर्ष इथेच, एवढं नक्की झालंय. गाडी अडलीये ती जागा निवडण्यापाशी.

ऊन कुठे जास्त, घरं कुठे स्वस्त याच्या याद्या भरपूर मिळतात. मला हवंय ते वेगळं. आज आम्ही दोघं आहोत, हे गाडी चालवतात, जिने चढता येतात. दहा-बारा वर्षांनी त्या घरात बहुधा एकटंच कुणीतरी असेल, आणि वयाचं गणित बघता ती मीच असण्याची शक्यता जास्त. मी गाडी चालवत नाही. तेव्हा दूध आणायला, डॉक्टरकडे जायला, चार माणसांत बसायला मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही असं ठिकाण हवंय. ज्यांनी तिकडे प्रत्यक्ष हिवाळे काढलेत, किंवा ज्यांचे आईवडील, सासू-सासरे राहिलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आतापर्यंत जे वाचलं आणि पाहिलं ते मांडते. चुकत असेल तिथे दुरुस्त करा.

हवामानाचा पहिला मुद्दा असा की भूमध्य समुद्राकाठचा हिवाळा आणि आफ्रिकेजवळच्या, स्पेनच्या कॅनरी बेटांवरचा हिवाळा यांत खूप फरक आहे. जानेवारीत दुपारचं सरासरी कमाल तापमान स्पेनमधलं मालागा आणि अलिकान्ते, पोर्तुगालचं फारो, सायप्रसचं पाफोस या सगळ्या ठिकाणी 16-17 अंशांच्या आसपास असतं. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरच्या फुंशालला ते 19-20 आणि कॅनरीतल्या तेनेरीफ बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर 21-22. रात्री तर अंतर आणखी वाढतं: मालागाला 7-8 अंश, दक्षिण तेनेरीफला 15 च्या आसपास. गुडघ्यांचा विचार केला तर तेनेरीफच उजवं. पण तिथेही बाजू बघून घ्यावी लागते. बेटाच्या मधोमध 3,715 मीटरचा तेइदे पर्वत उभा आहे, ईशान्येकडून येणारे वारे ढग आणून त्याच्या उत्तर उतारावर अडकवतात. म्हणून पुएर्तो दे ला क्रूसची बाजू हिरवीगार आणि ढगाळ, तर लोस क्रिस्तियानोसची कोरडी आणि लख्ख उन्हाची. एकाच बेटावर दोन हवामानं, आणि जाहिरातीत मात्र नुसतं तेनेरीफ लिहिलेलं असतं.

मला धास्ती आहे ती कलिमाची. सहाराची धूळ वाऱ्याबरोबर येते आणि आभाळ पिवळट होऊन जातं, हिवाळ्यातही. दम्याच्या माणसाने तेव्हा दारंखिडक्या लावून घरात बसायचं, एवढंच वाचायला मिळालं. कुणी दम्यासकट तिथे राहिलं असेल तर ते दिवस कसे जातात, पंप वाढवावा लागतो का, हे जरूर सांगा. माझा निर्णय बराचसा यावर ठरेल.

आता घरांविषयी. अलिकान्तेच्या बाजूचा एक फ्लॅट आम्ही जानेवारीत पाहिला. बाहेर गच्चीत स्वेटर काढून ठेवावा असं ऊन होतं. आत पाऊल टाकलं तर फरशीचा गारवा मोज्यांतून वर चढला. बेडरूममधल्या कपाटामागे हात घातला, भिंत दमट लागली आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरलेली दिसली. दिवाणखान्यात गरम हवा टाकणारा एक स्प्लिट एसी होता, बेडरूममध्ये आणि न्हाणीघरात काहीच नाही. दाखवणारा माणूस गच्चीचंच कौतुक करत राहिला. अशी घरं उन्हाळ्यात उष्णता बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली असतात, थंडी अडवायची कुणी काळजी घेतलेली नसते. स्पेनमध्ये भिंतींच्या उष्णतारोधनाचे सक्तीचे नियम 1979 साली आले आणि खरे कडक झाले 2006 मध्ये. म्हणून इमारत कोणत्या सालची हे मी आता पहिल्यांदा विचारते. 2013 पासून घर विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जा प्रमाणपत्र द्यावंच लागतं, ए (सगळ्यात चांगली) ते जी अशी श्रेणी असते. जुनी घरं बहुतेक ई, एफ किंवा जी मध्ये असतात.

शिवाय सूर्य. 21 डिसेंबरला भर दुपारी मालागाला तो क्षितिजापासून जेमतेम 30 अंश वर असतो, तेनेरीफला 38-39. तीस अंशांवर 15 मीटर उंच इमारतीची सावली 26 मीटर लांब पडते. म्हणजे समोर पाच मजली इमारत असेल आणि मधला रस्ता अरुंद असेल, तर खालच्या मजल्यांवर हिवाळाभर ऊन शिरणारच नाही, घर दक्षिणमुखी असलं तरी. जुलैत काढलेल्या फोटोत हे कळायला मार्ग नाही. माझं मत असं झालंय की हिवाळ्यासाठीचं घर डिसेंबर-जानेवारीतच बघावं, आणि सकाळी नऊला एकदा नि दुपारी तीनला एकदा बघावं.

चालण्याचं बघायला गेलं तर सगळ्यात आकर्षक घरं नेमकी चुकीच्या ठिकाणी असतात. टेकडीवरच्या वसाहती, छोटे बंगले, पोहण्याचा तलाव, समोर समुद्र. ह्यांना तशी एक वसाहत फार आवडलीये. तिथून पाव आणायलाही गाडी काढावी लागते, बसथांबा खाली मुख्य रस्त्यावर, आणि परतताना सगळा चढ. फुंशालचं हवामान मला मनापासून आवडलं, पण ते शहरच उतारावर वसलेलं आहे. आल्गार्वेत, म्हणजे पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, रेल्वे आहे, लागोसपासून विला रेआल दे सांतो आंतोनियोपर्यंत जाते. पण अल्बुफेइराचं स्टेशन गावापासून काही किलोमीटर लांब फेरेइरासला आहे, त्यामुळे स्टेशन आहे म्हणून सोय आहे असं म्हणता येत नाही.

या निकषावर दोन नावं वर आली, आणि दोन्हींचं नाव काढलं की लोक नाकं मुरडतात. एक अलिकान्तेजवळचं बेनिदोर्म. उंच उंच इमारती, उन्हाळ्यात गर्दी आणि गोंगाट, हे सगळं खरं. पण बहुतेक इमारतींना लिफ्ट आहे, लेवान्तेचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्याच्या कडेचा रस्ता सपाट, बाकं भरपूर, आणि ट्रामने अलिकान्तेला जाता येतं. शेजारच्या विलाखोयोसाला सरकारी रुग्णालय आहे. हिवाळ्यात स्पेनमधलेच असंख्य निवृत्त लोक सरकारी सहलींतून तिथे येतात, म्हणजे गाव थंडीत ओस पडत नाही. दुसरं मालागाजवळचं फुएन्गिरोला. तिथून लोकल ट्रेन विमानतळावरून थेट मालागा शहरात जाते, समुद्राकाठचा रस्ता लांबच लांब आणि सपाट, आणि फिनलंडचे लोक इतके राहतात की उत्तरेकडून आलेला म्हातारा माणूस तिथे कुणाला नवलाचा वाटत नाही. मला हे सौंदर्यापेक्षा मोलाचं वाटतं. हे म्हणतात, सुट्टीच्या गावात आयुष्याची संध्याकाळ कशाला काढायची. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, म्हणूनच इथे विचारतेय.

दिवसांचा हिशोब हा वेगळाच त्रास. आमचे पासपोर्ट युरोपीय संघाबाहेरचे. व्हिसा लागत नाही, पण शेंगेन भागात (आपसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) कोणत्याही 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात धरला जातो. कॅनरी आणि मदेइरा दोन्ही त्यातच मोडतात. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे 151 दिवस. तिथे घर विकत घेतलं तरी एक दिवसही वाढवून मिळत नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि घर विकणारे आपण होऊन सांगत नाहीत. स्पेनने गुंतवणुकीवर मिळणारा गोल्डन व्हिसा एप्रिल 2025 मध्ये बंद केला. उत्पन्न दाखवून, काम न करण्याच्या अटीवर मिळणारा निवासी व्हिसा आहे, त्याला खाजगी आरोग्य विमा लागतो, आणि आमच्या वयाला, आहे त्या आजारांसकट, तो विमा मिळणं हीच मोठी पायरी आहे. पोर्तुगालच्या डी-7 या, नियमित उत्पन्न दाखवून मिळणाऱ्या निवासी परवान्यात सलग सहा महिने किंवा मुदतीत एकूण आठ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर परवाना रद्द होऊ शकतो. आम्ही तर वर्षातले सात महिने बाहेरच असणार. फक्त हिवाळ्यापुरतं राहणाऱ्यांसाठी हे परवाने बेतलेलेच नाहीत. ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी काय केलं? 90 दिवसांत भागवलं, की उरलेले दिवस सायप्रससारख्या वेगळा हिशोब असलेल्या देशात काढले?

विकत घ्यायचं की भाड्याने, यावर आमच्या घरात एकमत नाही. ह्यांचा हिशोब असा की घर घ्यायचं, उन्हाळ्यात पर्यटकांना भाड्याने द्यायचं, म्हणजे खर्च निघेल. मला यात दोन अडचणी दिसतात. 3 एप्रिल 2025 पासून स्पेनमध्ये नव्याने पर्यटकांना घर द्यायचं तर सोसायटीतल्या तीन-पंचमांश सभासदांची मंजुरी लागते. आणि कॅनरीत हंगामच हिवाळ्याचा, म्हणजे भाडं सगळ्यात जास्त मिळतं ते नेमकं आपण तिथे राहणार तेव्हा. उलट भूमध्य किनाऱ्यावर हिवाळ्यात घरं रिकामी पडलेली असतात, तीन-चार महिन्यांसाठी भाड्याने सहज मिळतात. तिथे घर घेऊन अडकायचं कशाला, असं मला वाटतं. घर कुणालाही भाड्याने न देता स्वतःसाठी ठेवलं तरी स्पेनमध्ये न राहणाऱ्या मालकाला त्याच्या मानीव उत्पन्नावर दरवर्षी कर भरावा लागतो: सरकारी मूल्याच्या 1.1 किंवा 2 टक्के हे उत्पन्न धरायचं, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर (युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन सोडून) राहणाऱ्यांना त्यावर 24 टक्के. रक्कम फार नाही, पण विवरणपत्र दरवर्षी भरायचं, आणि पुढे ते मी एकटीने. सोसायटीची आधीच्या मालकाची थकबाकी चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची घराबरोबर आपल्या गळ्यात येते, म्हणून व्यवहाराआधी सोसायटीकडून येणे-बाकी नसल्याचा दाखला आणि नोंदणी कार्यालयातून मालकी व बोजांचा उतारा घ्यायचा, इतकं कळलंय.

आणि मागे राहणाऱ्याचा हक्क. स्पेनच्या सर्वसाधारण कायद्यात इस्टेटीचा दोन-तृतीयांश भाग मुलांसाठी राखीव असतो, जोडीदाराला एका हिश्श्यावर तहहयात उपभोगाचा हक्क मिळतो. ऑगस्ट 2015 पासून लागू झालेल्या युरोपीय नियमाने मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. तसं लिहिलं नाही तर नेहमीचं वास्तव्य कुठे होतं यावर कायदा ठरतो, आणि दोन देशांत विभागून राहणाऱ्यांच्या बाबतीत त्यावरच वाद होऊ शकतो. आमची मुलं चांगली आहेत, पण माझं डोक्यावरचं छप्पर कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून नसावं, असं मला वाटतं. कुणी तिथल्या नोटरीकडे असं मृत्युपत्र केलंय का? ते आपल्या देशातल्या मृत्युपत्राशी जुळवून कसं घेतलं?

यांशिवाय आणखी थोडं विचारायचंय. जोडीदार गेल्यावर तिथलं घर ठेवलेली कुणी ताई-काकू ओळखीत असेल तर ती पुढे जात राहिली का, की वर्षा-दोन वर्षांत घर विकलं? विकलं असेल तर कशामुळे: भाषा, आजारपण, की एकटेपणा? स्पॅनिश किती लागते, म्हणजे रात्री 112 ला फोन करायची वेळ आली तर? आणि घर सात महिने बंद राहतं तेव्हा ओल, नळ, किल्ल्या हे कुणाच्या भरवशावर ठेवता?

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. सायप्रसबद्दल ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी: इंग्रजी सगळीकडे चालतं हे खरं, पण पावसाळा तिथे नेमका हिवाळ्यातच, आणि देशात रेल्वे नाही. एकटीसाठी ते मला जड वाटतं. पाफोसच्या आत, बसच्या रस्त्यावर राहणाऱ्या कुणाचा वेगळा अनुभव असेल तर वाचायला आवडेल.

ज्यांनी आधी भाड्याने राहून बघा असं सुचवलं, त्यांचं म्हणणं ह्यांनी वाचलं आणि पटलंही. 1 जानेवारी ते 31 मार्च असे बरोबर 90 दिवस होतात, लीप वर्ष सोडून. त्यात निम्मे दिवस बेनिदोर्म, निम्मे दक्षिण तेनेरीफ असं करायचं मनात आहे, म्हणजे गारवा आणि कलिमा दोन्ही अंगावर घेऊन बघता येतील. टेकडीवरच्या वसाहतीचा विषय तूर्त थांबवलाय. तेव्हा आता नेमकं सांगा: बेनिदोर्मला लेवान्तेच्या बाजूला राहावं की पोनिएन्ते या दुसऱ्या किनाऱ्याच्या, रात्री झोप कुठे लागेल? आणि लोस क्रिस्तियानोसमध्ये चढ नसलेला भाग कोणता? गल्लीचं नाव सांगितलंत तरी चालेल, ऊन कुठून येतं ते मी नकाशावर बघेन.