उधळ्या पुत्राची गोष्ट माहीत आहे, उधळ्या बापाचं काय करायचं?

बार्देसचा लाइनमन

माझं मराठी सावंतवाडीचं. माय तिकडची, आजीकडे राहून सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. इथे गोव्यात घरात कोंकणी, मीस म्हणजे चर्चमधली उपासनाही कोंकणीतून, पण मनातलं लिहायचं झालं की हात मराठीकडे वळतो. म्हणून इथे विचारतोय.

माझे वडील तारवटी. बोटीवर स्टुअर्ड होते, दीड वर्षातून एकदा दोन महिने घरी. आम्हा दोघा भावांच्या लेखी ते म्हणजे डब्यातलं चीज आणि परदेशी साबणाचा वास. 'पाय', म्हणजे बाबा, म्हणायचो, पण पाहुण्याला हाक मारावी तसं. 1991 पासून पैसे येणं थांबलं, मग तेही यायचे थांबले. पुढे कळलं की मुंबईत धोबीतलावला कुडीत राहतात. कूड म्हणजे गावानं मुंबईत काढलेला क्लब. पुढची बोट मिळेपर्यंत खलाशानं तिथे राहायचं, प्रत्येकाची एक पेटी, एक आल्तार आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. ह्याचंच मला हसू येतं. घरी आमच्याबरोबर जो माणूस कधी जपमाळेला बसला नाही, तो तिथे वर्षानुवर्षं रोज म्हणत होता, कारण तो कुडीचा नियम.

मायनं चोरिसाच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा करून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकल्या आणि आम्हाला वाढवलं. तिच्या तोंडून त्यांच्याबद्दल वाईट शब्द कधी ऐकला नाही, आणि तेव्हा मला त्याचाच राग यायचा. 2011 मध्ये ती गेली. कुडीत निरोप पाठवला होता, ते आले नाहीत.

2022 च्या पावसाळ्यात कुडीतून फोन आला: म्हातारा खाली चहा प्यायला जातो आणि परतीची वाट विसरतो, घेऊन जा. घेऊन आलो. थिवी स्टेशनावर उतरलो तेव्हा त्यांच्यापाशी एक पत्र्याची पेटी आणि एक छत्री. आता ते 78 वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय.

2025 च्या मार्चमध्ये, उपवासकाळाच्या चौथ्या आयताराला, म्हणजे रविवारी, बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत वाचला गेला: धाकटा मुलगा आपली वाटणी दूर देशी उधळून परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला गळ्याशी धरतो. पाद्री छान बोलले. मी बाकावर बसून मनात म्हणत होतो, आमच्याकडे सगळं उलटं झालं. दूर देशी जाऊन उधळून आला तो बाप, आणि दारातून धावत जाऊन गळ्यात पडायचं ते मी. बापाला पोराचा कळवळा येतो, हे समजतं. पोराला अशा बापाचा कळवळा यावा, असं कुठे लिहिलंय? दहा आज्ञांत आईबापाचा 'मान राख' एवढंच लिहिलंय. तो राखतो. आंघोळ घालतो, दाढी करतो. पण प्रार्थनेत देवाला 'आमच्या बापा' म्हणायची वेळ आली की शब्द तोंडातच चिकटतो, फणसाच्या चिकासारखा.

रोज तिन्हीसांजेला ते पेटी भरतात. मला पर्सर, म्हणजे बोटीवरचा हिशेबाचा अधिकारी, समजून विचारतात, "बोट कधी सुटणार?" गेल्या पावसात एकदा रात्रभर तारांवर पडलेल्या माडाच्या मागे होतो, पहाटे घरी आलो तर हे पेटी घेऊन गेटपाशी भिजत उभे. मी दंड धरून ओढलं. जोरात. माझ्या बोटांचे वळ उठले त्यांच्या दंडावर. माझा चौदा वर्षांचा मुलगा बघत होता. मला काही बोलला नाही. पुढे होऊन त्यांना म्हणाला, "साब, बोट लेट आहे, चार वाजता." ते मुकाट्यानं आत आले. तेर्स संपला की हाच मुलगा त्यांच्यापुढे हात जोडून बेसांव मागतो, म्हणजे थोरांचा आशीर्वाद. बाकी सगळं विसरलेले ते, पण तेवढा हात बरोबर वर करतात. मी मागत नाही.

धाकटा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला. गेल्या वर्षी गावच्या फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, प्रेझिदेंत झाला. बँड, फटाके, सगळा खर्च त्याचा. इथे डायपरलाच महिन्याला अडीच हजार लागतात, ते त्यानं कधी विचारलं नाही.

माया नसताना केलेली सेवा देवाच्या हिशेबात धरतात का? आणि मुलानं ते वळ पाहिल्यावर मी त्याच्यासमोर कसला बाप?

डिचोलीचा वकील

धर्मातलं मला कळत नाही, कागदाचं सांगतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याप्रमाणे बाप फक्त अर्ध्या मालमत्तेचं मृत्युपत्र करू शकतो. उरलेला अर्धा भाग मुलांचा, सेवा कुणी केली आणि कुणी नाही ह्याला तिथे सहसा किंमत नाही. तेव्हा घर आपल्याला मिळेल म्हणून करत असाल तर ते डोक्यातून काढा. त्यासाठी करत नसाल तर माझा सल्ला वाया गेला, काही हरकत नाही.

नगरचे मास्तर (सध्या फोंड्यात, मुलीकडे)

मी नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातला, प्रॉटेस्टंट. आमच्या चर्चमध्ये 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतात. 'पिता' हा शब्द इस्त्रीच्या सदऱ्यासारखा, तो कुणाच्याच तोंडात चिकटत नाही. तुमचा 'बापा' चिकटतो, कारण तो खराखुरा आहे. मला तर तुमचा थोडा हेवाच वाटला.

दृष्टांत पुन्हा वाचा. त्यातला बाप एकदा नाही, दोनदा घराबाहेर येतो. एकदा धाकट्यासाठी धावत, आणि दुसऱ्यांदा रुसून शेतातून घरात न येणाऱ्या थोरल्याची समजूत काढायला. 'इतकी वर्षं राबलो, मला एक करडूही दिलं नाहीस,' असं थोरला म्हणतो, आणि बाप त्याला खोटं पाडत नाही. शेवटी तो आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही. तुम्ही स्वतःला धावणाऱ्या बापाच्या जागी उभं करताय म्हणून दम लागतोय. तुमची जागा थोरल्याची. त्याला धावायला कुणी सांगितलेलं नाही, आत ये एवढंच सांगितलंय.

भावाबद्दल मार्कचा सातवा अध्याय. आईबापाला जे द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं तिथे चांगलंच फैलावर घेतलंय. फेस्ताचे फटाके हे आजचं कुर्बान. ह्याच शब्दांत त्याला फोन करा. भांडण होईल, होऊ द्या.

आणि सिराखचं पुस्तक. आमच्या बायबलमध्ये ते नाही, तुमच्यात आहे, आणि पवित्र कुटुंबाच्या सणाला तुमच्याकडे वाचतातही. तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की मुला, म्हातारपणी बापाला आधार दे, त्याची बुद्धी चालेनाशी झाली तरी सांभाळून घे. दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घरी हेच चाललं होतं. माया कर, असं त्या ओळीत नाही. मी दोनदा तपासलं.

मुलाचं म्हणाल तर पोपचं मी एरवी फारसं मनावर घेत नाही, पण 8 डिसेंबर 2020 ला फ्रान्सिसनी येशूला वाढवणाऱ्या संत योसेफावर पत्र काढलं, त्यात बाप जन्मतः होत नाही, मुलाची जबाबदारी घेतल्यानं होतो, अशा अर्थाचं आहे. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. तुम्हीही मुलाला समजावत बसू नका. वळ उठले ते चुकलं, एवढं एकदा म्हणा आणि गप्प बसा.

मिरजेची सिस्टर

मास्तर, तुमच्या त्या दृष्टांतात आई कुठेच नाही. पुष्ट वासरू कापलं, मेजवानी झाली, पण रांधलं कुणी?

लाइनमनदादा, तुमचं सगळं पत्र वाचलं. माय आहे, मुलगा आहे, भाऊ आहे, कुडीतला फोनसुद्धा आहे. बायको नाही. तुम्ही रात्रभर खांबावर असता तेव्हा त्यांचं ओलं कोण बदलतं?

मी मिरजेला नर्सिंग शिकले, गोव्यात सोळा वर्षं घरोघरी अशा पेशंटचं करतेय. कामाचं तेवढं सांगते. तिन्हीसांजेला गोंधळ वाढणं हा त्या आजाराचाच भाग, मुद्दाम नाही. अंधार पडायच्या आधी दिवे लावा, चहा-पेज रोज ठरल्या वेळी. तुमचा मुलगा करतो तेच बरोबर: खरंखोटं करत बसायचं नाही. 'बोट नाहीच' म्हणालात तर ते घाबरतील, 'लेट आहे' म्हटलं की बसतील. पेटी काढून घेऊ नका. बाथरूमची आतली कडी मात्र आजच काढा. गोंधळ एकदम वाढला तर आधी लघवी तपासून घ्या, म्हाताऱ्यांना जंतुसंसर्ग झाला की ताप नसतानाही डोकं फिरतं. थायरॉईड आणि बी-12 केलं नसेल तर करा.

आपल्या गोव्यातच अशा 81 कुटुंबांवर अभ्यास झाला होता, 2008 मध्ये छापून आला. घरी येऊन नुसतं कसं वागायचं हे शिकवणारी, ऐकून घेणारी बाई मिळाली तर सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. पेशंटच्या नव्हे, सांभाळणाऱ्यांच्या. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा फोन आहे, फुकट आहे, तिथे विचारा.

माया नाही म्हणता. दाढी करताना हनुवटीखालची कातडी ताणून धरता ना? मग झालं.

बार्देसचा लाइनमन

सिस्टर, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही त्यांना, ओलं मी बदलते, आणि तीन वर्षं हळदोण्याला माझ्या मायकडे एक आयतार राहायला गेले नाही."

परवा गेली. मुलालाही घेऊन गेली. भावाला फोन केला, कुर्बान हा शब्द वापरला, त्यानं फोन ठेवला. मग रात्री चार महिन्यांचे पैसे आले, सोबत एक अक्षर नाही. वकीलसाहेब, घराचं डोक्यात नव्हतं. निदान तसं मला वाटतं.

मुलाला सांगितलं, ते चुकलं. "ठीक आहे" म्हणाला आणि मोबाइलमध्ये बघत राहिला.

बेसांव मी अजून मागितलेलं नाही. आयताराला घरात आम्ही दोघेच. सात वाजता घंटा झाली, मी दिवे आधीच लावले होते, तरी ते पेटी घेऊन आलेच. "पर्सर, बोट?" मी म्हटलं, "लेट आहे. शीत-कढी केलीय, जेवून घ्या." ते पेटीवरच बसले. ताट मी तिथेच नेऊन दिलं.