स्वीट अँड सॉर पोर्क कुरकुरीत कसं ठेवायचं?

बी-३०४: काल पहिल्यांदा घरी स्वीट अँड सॉर पोर्क केलं. चव जमली, पण ताटात येईस्तोवर वरचं आवरण ओलं होऊन गळून पडलं. ए-१०२च्या काकू, तुमच्या ख्रिसमसच्या पोर्कची चव अजून जिभेवर आहे. सांगा न.

ए-१०२ काकू: पोर्क धुतल्यावर कोरडं केलं होतंस का?

बी-३०४: फक्त निथळलं.

ए-१०२ काकू: तिथंच गेलं बघ. स्वच्छ कपड्यानं टिपून घ्यायचं. अर्ध्या किलोला एक चमचा सोया सॉस, थोडं मीठ, मिरपूड, एक अंडं चोळून अर्धा तास ठेव. मग कॉर्नफ्लॉवर कोरडंच टाकून प्रत्येक तुकडा वेगवेगळा घोळव. पिठाचा लगदा झाला तर भजी होतात, पोर्क नाही. खांद्याचं मांस मागून घे, थोडी चरबी असलेलं. नुसतं लाल मांस तळल्यावर चिवट होतं.

आता मुख्य गोष्ट. दोनदा तळायचं. पहिल्यांदा मध्यम आचेवर, साधारण १६०-१७० अंशांवर, ४-५ मिनिटं, थोडे थोडे तुकडे. कढई भरली की तेल थंड पडतं आणि पीठ तेल पितं. एक तुकडा मोडून बघ, आत गुलाबी राहता कामा नये. डुकराचं मांस कच्चं राहिलं तर पोटात पट्टकृमी होण्याची भीती असते, त्यात घाई नको. जाळीवर काढ, जरा थंड होऊ दे. दुसऱ्यांदा तेल चांगलं तापव, १९० पर्यंत, आणि एकच मिनिट. झाऱ्यात हलवलं की तुकडे खडखड वाजले पाहिजेत. तो आवाज आला की समज झालं.

सी-२०१: सॉसमध्ये हिरवी मिरची, आलं-लसूण किती घ्यायचं काकू?

ए-१०२ काकू: ते आपल्या ठेल्यावरच्या चायनीजचं, भाऊ. हा पदार्थ दक्षिण चीनच्या ग्वांगडाँगचा, तिथं त्याला गुलाओ रो म्हणतात. त्याचा जीव व्हिनेगर आणि साखरेत आहे. केचप त्यात मागाहून आलं. वर उत्तरेला हार्बिनकडे याचाच भाऊबंद आहे, पातळ कापांचा, जुन्या पद्धतीत तर केचपच नाही.

माझं माप: व्हिनेगर ३ चमचे, साखर ३, केचप ४, पाऊण वाटी पाणी, चिमूटभर मीठ. उकळी आली की एक चमचा कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून ओत. चमच्याच्या पाठीवर चिकटेल इतकंच घट्ट. कांदा, शिमला मिरची मोठ्या आचेवर दोन मिनिटं, कच्चट राहू दे. अननस हवाच असं नाही. मी संत्र्याच्या सोललेल्या फाका घालते, बिया आणि पांढरी साल काढून, नाहीतर कडवटपणा येतो. गॅस बंद केल्यावरच टाकायच्या.

आणि सॉसमध्ये पोर्क पंगत बसल्यावरच. ढवळलं की लगेच वाढ.

डी-४०२: काकू, आमच्याकडे डुक्कर चालत नाही. चिकनचं होईल का?

ए-१०२ काकू: होईल की ताई. मांडीचं बोनलेस घ्या, पहिलं तळण थोडं कमी. आणि आमच्याकडे आलात तर तुमच्यासाठी कढई आणि तेल दोन्ही वेगळं असतं, हे मनात धरा.

बी-३०४: काकू, रविवारी पुन्हा करते. तुमचा डबा पाठवीन, सॉस वेगळ्या डब्यात.