मदत हवी आहे: निधीसाठी समुद्री कयाक मोहीम, किलोमीटरवारी देणग्या आणि 'थांब' म्हणायचा अधिकार

काठावरची

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ आणि त्याचा मित्र समुद्री कयाकमधून (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे 600 किलोमीटर जायचं म्हणतायत. बरे न होणाऱ्या रुग्णांना घरी जाऊन उपशामक सेवा देणारी एक संस्था आहे, तिच्यासाठी निधी जमवायचा आहे. दोघंही नवखे नाहीत. उलटलेल्या कयाकमधून बाहेर न पडता ती सुलट करणं, पाण्यात पडलेल्या जोडीदाराला परत चढवणं, फुटणाऱ्या लाटांतून किनाऱ्याला लागणं, सगळं प्रशिक्षकाच्या हाताखाली घोटून झालंय. त्यामुळे "आधी शिकून घ्या" हा सल्ला कृपया नको.

माझं काम काठावरचं. हवामानाचा अंदाज बघायचा, मुक्कामाच्या जागी गाडी घेऊन पोचायचं, संपर्क ठेवायचा आणि देणग्यांचा सगळा व्याप सांभाळायचा.

अडचण अशी. एका कंपनीने दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलंय. ते पाहून ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांनीही तसंच केलं. कंपनीला मोहीम 15 दिवसांत संपायला हवीय, कारण शेवटच्या दिवशी कार्यक्रम, पाहुणे, भाषणं. सुरुवात पौर्णिमेला, कारण चांदण्यात निघतानाचे फोटो छान येतील. (हे मी बनवून सांगत नाहीये.) 600 भागिले 15, म्हणजे दिवसाला 40 किलोमीटर. भावाच्या मते जमण्यासारखं आहे. मी कोष्टक मांडलं तेव्हा लक्षात आलं की त्यात एकही मोकळा दिवस नाही.

मला पाण्यातलं फार कळत नाही, माणसांतलं थोडं कळतं. दहाव्या दिवशी वारा सुटला आणि न कापलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे कुणा रुग्णाचे पैसे बुडताना दिसले, तर हा मुलगा थांबणार नाही. स्वतःचा प्रश्न असता तर थांबला असता.

तर रोज 40 कितपत खरं? मोकळे दिवस किती धरावेत? किलोमीटरवारी देणगी घेऊच नये का, आणि नाही घेतली तर तिच्या जागी काय? आणि थांबायचा निर्णय कुणाचा? मी मोठी बहीण आहे म्हणून तो ऐकेलच असं नाही. कदाचित त्यामुळेच ऐकणार नाही.

आडवारा

40 किलोमीटर म्हणजे साडेएकवीस सागरी मैल. सामान भरलेली कयाक, शांत पाणी, वारा नाही, अशा वेळी तीन नॉट, म्हणजे ताशी तीन सागरी मैल, हा टिकणारा वेग धरा. म्हणजे सात तासांहून जास्त निव्वळ वल्हवणं. खाणं-पिणं, किनाऱ्याला लागणं, पुन्हा निघणं वेगळं. एक दिवस होईल, तीन दिवस होतील. सलग 15 दिवस फक्त कागदावर होतात.

पडताळ्याला अव्वल लोकांचे आकडे घ्या. न्यूझीलंडच्या पॉल कॅफिनने 1981-82 मध्ये कयाकने अख्ख्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली. 15 हजारांहून थोडे जास्त किलोमीटर, 360 दिवस. जर्मनीच्या फ्रेया होफमाइस्टरने 2009 मध्ये तीच प्रदक्षिणा 332 दिवसांत केली. कॅफिनची सरासरी काढली तर दिवसाला 42 किलोमीटरच्या आसपास येते, किनाऱ्यावर अडकून काढलेले दिवस धरून. तुमच्या कोष्टकाने दोन हौशी मुलांना थेट त्या पंगतीत बसवलंय. मी असतो तर दिवसाला 25 ते 30 आणि दर तीन दिवसांमागे एक मोकळा धरला असता. म्हणजे जवळजवळ महिना. ऐकायला वाईट वाटतं, पण अंदाज चुकला तर लवकर पोचाल, उशिरा नाही.

वाऱ्याची मर्यादा आत्ताच, घरात बसून, आकड्यात लिहून काढा. वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट श्रेणीत 4 म्हणजे 11 ते 16 नॉट, तेव्हा बऱ्याच लाटांवर पांढरा फेस दिसायला लागतो. तोंडावर असा वारा असला की वेग निम्म्यावर येतो आणि मैलांचं गणित कोसळतं. पण नुसता आकडा पुरत नाही. वारा आणि भरती-ओहोटीचा प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेवढाच वारा प्रवाहाच्या दिशेने असेल तर पाणी बरंच निवळलेलं असतं. सगळ्यात फसवा तो जमिनीकडून येणारा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हलका मतलई वारा वेगळा, त्याच्यावर लवकर निघतात ते ठीकच. पण जमिनीकडून जोराचा वारा सुटलेला असताना काठाजवळचं पाणी गुळगुळीत दिसतं, कारण लाट वाढायला तिथे अंतरच मिळालेलं नसतं. आत गेल्यावर खरं काय ते कळतं, आणि तोवर परतीचं प्रत्येक वल्हं वाऱ्याविरुद्ध मारावं लागतं. हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहितोय. काठावर उभं राहून "आज छान दिसतंय" असं तुम्हीच आधी म्हणाल.

चांदण्यातला फोटो विसरा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे खाड्यांच्या तोंडाशी प्रवाह सगळ्यात जोरात. पहिले काही दिवस सामान अंगवळणी पडायला जातात, तेव्हा भांगाच्या पाण्यावर, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, अष्टमीच्या सुमाराला निघा. खाडीचं तोंड ओलांडताना बाराव्या हिश्शाचा ठोकताळा लक्षात ठेवा. भरती किंवा ओहोटीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे बारावे हिस्से हलतं. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं. त्या दोन तासांत तोंडाशी असू नये. मात्र प्रवाह नेमका कधी थांबतो हे प्रत्येक खाडीचं वेगळं असतं, तिथल्या मासेमारी करणाऱ्यांना विचारा.

आता निर्णय. तिघांपैकी कुणीही एकाने "नाही" म्हटलं की त्या दिवशी निघायचं नाही, आणि कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की वाद होतो, आणि वादात ज्याला निघायचंय तोच जिंकतो. दुसरं म्हणजे काठावरच्या माणसाला "थांबा" म्हणायचा अधिकार असावा, "निघा" म्हणायचा कधीच नसावा. जायचं की नाही हे जे पाण्यात उतरणार त्यांनीच ठरवायचं. हे कागदावर लिहा आणि तिघांच्या सह्या घ्या. भाऊ हसेल, पण सही करेल.

निळाई

शरीराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. वल्हवताना मनगटात करकर जाणवायला लागली तर ती बहुतेक कंडराच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणाला आलेली सूज असते, डॉक्टर तिला टेनोसायनोव्हायटिस म्हणतात. वल्हं आवळून धरणाऱ्यांना जास्त होते. मूठ सैल, जोर हातापेक्षा धडाच्या वळण्यातून. सुरू झालीच तर खरा इलाज विश्रांती, म्हणूनही मोकळे दिवस लागतात. गोळी घेऊन पुढे ढकललं की आठवड्याचं दुखणं महिन्याचं होतं.

मीठ आणि ओले कपडे यांनी काखेत, कमरेला, मांड्यांना कातडी सोलवटते. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं व्हायचं. हे धुण्याचं पाणी पिण्याच्या पाण्यात मोजू नका. पिण्याचं माणशी चार-पाच लिटर वेगळं धरा, उन्हात जास्त.

हिशेबनीस

किलोमीटरवारी देणगी शाळेच्या मैदानातल्या चालण्याच्या उपक्रमाला चालते. तिथे दमलेला माणूस फार तर बाकावर बसतो. समुद्रात ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. ज्यांनी कबूल केलंय त्यांना साधं पत्र पाठवा: "आपण 600 किलोमीटरचे म्हणून जे देणार होतात ते मोहीम कितीही अंतर झाली तरी द्याल का?" बहुतेक जण हो म्हणतात, कारण त्यांनी मनात एकूण रक्कम आधीच धरलेली असते. नव्या देणगीदारांसाठी मोजमापच बदला. संस्थेला विचारा की एका रुग्णाच्या एका घरभेटीला किती खर्च येतो, आणि लोकांना भेटी द्यायला सांगा. दहा भेटी, वीस भेटी. मग आकडा वाढवायचं काम भावाच्या खांद्यावर उरत नाही.

कंपनीचा कार्यक्रम रद्द करू नका. तारीख तीच, जागा तीच, फक्त पत्रिकेतून 'समारोप' काढा. त्या दिवशी मुलं 400 व्या किलोमीटरवर असली तर गाडीने येतील, बोलतील, परत जाऊन तिथूनच पुढे निघतील. पाहुण्यांना माणसं बघायची असतात, पूर्ण झालेला नकाशा नव्हे.

बाकी नेहमीचं. देणग्या थेट संस्थेच्या खात्यात, पावती संस्थेची, तुमच्या खाजगी खात्यातून काहीही फिरवायचं नाही. नाव आणि चिन्ह वापरायची संस्थेची लेखी संमती. मोहिमेचा खर्च वेगळा उभा करा आणि तो कुठून आला ते आवाहनातच लिहा. हा प्रश्न लोक विचारतातच, आणि तेव्हा उत्तर द्यायला उशीर झालेला असतो.

भटकभवानी

विरोधी सूर लावते. किलोमीटर, मुदत, शर्यत काढून टाकली तर बातमीत उरलं काय? लोक थरारासाठीच पैसे देतात.

हिशेबनीस

थरार काढा असं कुणी म्हटलं? मुदत काढा म्हटलं. आज वाऱ्यामुळे अडकलो, पुढची खाडी कधी पार होणार माहीत नाही, हे लोक रोज वाचतात. सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं तर तिसऱ्या दिवशी कुणी बघत नाही.

आडवारा

भटकभवानी, ऑस्कर श्पेक 1932 मध्ये जर्मनीतून घडीच्या कयाकने निघाला तो सायप्रसच्या खाणीत काम मिळवायला. 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. वेळापत्रक पूर्ण बोंबललं होतं, लोक अजून त्याच्याबद्दल लिहितायत.

काठावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. "थांबा म्हणायचा अधिकार, निघा म्हणायचा नाही" हे वाक्य भावाला जसंच्या तसं पाठवलं. उत्तर आलं, "बरं." त्याच्याकडून एवढं खूप आहे. निघायचा दिवस अष्टमीवर ढकललाय. कंपनी कार्यक्रम वेगळा ठेवायला तयार आहे, किलोमीटरचं मात्र "वरिष्ठांना विचारून सांगतो". नाहीच म्हणाले तर त्यांच्याशिवाय करू, हे आम्ही तिघांनी ठरवलंय.

आता शेवटचं. देणगीदारांना मोहीम थेट नकाशावर दिसावी अशी मागणी आहे. सॅटेलाइट ट्रॅकर घेतोय. सगळ्यांना खुला ठेवावा का?

आडवारा

खुला ठेवा, पण लोकांना काही तास उशिरा दिसेल असा. नाहीतर ठिपका अर्धा तास हलला नाही की पन्नास फोन येतील, आणि ज्या एका फोनची तुम्ही वाट बघताय तो लागणार नाही. तुम्हाला स्वतःला मात्र ताजं ठिकाण दिसायला हवं.

ट्रॅकरला संकटाचं साधन समजू नका. दोघांच्याही अंगावरच्या जॅकेटमध्ये एकेक पीएलबी (संकटात इशारा पाठवणारं खिशातलं यंत्र) हवा, कयाकच्या पोटात नव्हे. कयाक हातातून सुटली तर तिच्यातलं सगळंच गेलं. पीएलबी 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहांमार्फत बचाव यंत्रणेला इशारा देतो, निदान 24 तास चालतो, पण त्यावर बोलता येत नाही, आणि आपल्या देशात त्याची नोंदणी केलेली असावी लागते. शिवाय हातातला व्हीएचएफ रेडिओ, संकटाच्या हाकेची वाहिनी 16. तो सरळ रेषेत चालतो. कयाकमधला माणूस पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच, त्यामुळे एका कयाकमधून दुसरीशी चार-पाच मैलांपलीकडे भरवसा धरू नका.

आणि रोजचा कागद. कुठून कुठे, मध्ये कुठे किनाऱ्याला लागता येईल, कयाकचे आणि जॅकेटचे रंग, आणि दोन वेळा: किती वाजेपर्यंत निरोप यायला हवा, आणि किती वाजता तुम्ही बचाव यंत्रणेला फोन करणार. दुसरी वेळ झाली की फोन करायचा, "अजून अर्धा तास बघू" नाही. ती वेळ पाण्यात उतरणाऱ्यांनीच ठरवलेली असली म्हणजे तुम्हाला संकोच वाटत नाही.

काठावरची

दोन्ही कयाक पांढऱ्या आहेत. भडक टेप लावली तर चालेल का, आणि कुठे?

आडवारा

पांढरा रंग फेसात हरवतो. डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या बाजूला लावा, पण त्याआधी वल्ह्यांच्या पात्यांवर. पाती सतत हलतात, लांबून तीच आधी दिसतात.