मदत हवी आहे: सीडी-कॅसेट संगणकावर घेताना फ्लॅक ठेवू की एमपीथ्री?

खर्ज:
घरातल्या सगळ्या सीडी आणि थोड्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायचं मनावर घेतलंय. सीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप आता कुरकुरायला लागलाय, त्यामुळे हे काम एकदाच होणार. अडलंय ते फॉरमॅटवर: काहीही न गाळणारा फ्लॅक, की आवाजातला काही भाग टाकून फाईल लहान करणारी एमपीथ्री. एक मित्र म्हणतो, ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिटची) एमपीथ्री कर आणि मोकळा हो, फरक कुणाच्या बापाला कळत नाही. दुसऱ्यासमोर एमपीथ्रीचं नुसतं नाव काढलं तरी तो कानावर हात ठेवतो.

माझं ऐकणं बहुतेक फोनवर, ब्लूटूथ इअरफोन लावून. घरचे स्पीकर बरे आहेत, भारी म्हणावेत असे नाहीत. मग फ्लॅकचा मला उपयोग काय? कॅसेटचा आवाज मुळातच खरखरीत, तिला लॉसलेस (काहीही न गाळणारं) कशाला? शिवाय १२८ केबीपीएसच्या जुन्या एमपीथ्री ढिगाने पडल्यात, त्या फ्लॅकमध्ये बदलल्या तर सुधारतील का? जागा किती लागेल तेही सांगा.

तिरपागडा:
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे: नाही. तांब्यातलं पाणी हंड्यात ओतलं म्हणून वाढत नाही. एमपीथ्री बनताना जे टाकून दिलं ते गेलं, फ्लॅक फक्त उरलेलं जपून ठेवेल आणि जागा कितीतरी पट जास्त खाईल. वर पुढे कधीतरी ती फाईल अस्सल समजून तुम्हीच फसाल. अशी फाईल ओळखायची तर तिचा स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या क्षणी किती उंच स्वर आहेत ते दाखवणारं चित्र) काढा. १२८ च्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं सपाट काळं दिसतं, सुरीने कापल्यासारखं. या जुन्या फाईली आहेत तशाच राहू द्या. ज्यांची सीडी हाताशी आहे त्या नव्याने रिप करा, म्हणजे सीडीवरून उतरवून घ्या.

जागा: सीडीचा आवाज म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल, मिळून सेकंदाला १४११ किलोबिट. तासाभराच्या सीडीची डब्ल्यूएव्ही (अजिबात न दाबलेली) फाईल ६३५ एमबीच्या घरात जाते. फ्लॅकमध्ये तीच साधारण ३५० ते ४०० एमबी होते (संगीतावर अवलंबून, एकट्या वाद्याचं संथ रेकॉर्डिंग आणखी लहान होतं). ३२० ची एमपीथ्री १४४ एमबी. म्हणजे शंभर सीडी फ्लॅकमध्ये फार तर ४० जीबी. आजच्या हार्ड डिस्कवर हे कुठे पडलंय ते शोधावं लागेल.

अवांतर: फ्लॅक करताना ० ते ८ असे स्तर विचारतात. ते दर्जाचे नाहीत, संगणकाने किती डोकं लावायचं याचे आहेत. कुठलाही निवडा, बाहेर येणारा आवाज बिट न बिट तोच.

कानसेन नसलेला:
तुमच्या पहिल्या मित्राच्या बाजूने थोडं बोलतो. चांगल्या एनकोडरने (एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रामने) केलेली ३२० ची एमपीथ्री किंवा लेम या एनकोडरच्या व्ही० सेटिंगची (ही सरासरी २४५ केबीपीएसच्या आसपास जाते) मूळ सीडीपासून वेगळी ओळखणं बहुतेकांना जमत नाही. वाद घालण्यापेक्षा फूबार२००० या प्लेअरमध्ये एबीएक्स चाचणी करा. एक्स ही फाईल ए आहे की बी, हे न बघता ओळखायचं. १६ पैकी १२ बरोबर आली तर तो निव्वळ नशिबाचा खेळ असण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. ९-१० वर अडकलात तर वाद मिटला. फक्त दोन्ही फाईलींची पातळी सारखी हवी. जरा मोठा आवाज आपल्याला नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो.

फरक पकडायचाच असेल तर गाण्याच्या सुरांत शोधू नका. टाळ्यांचा कडकडाट, झांजा, शांततेतून अचानक पडलेला तबल्याचा ठोका घ्या. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडून काम करते. तुकड्याच्या शेवटाला ठोका आला तर त्याची कुजबुज ठोक्याच्या आधीच्या शांततेत सांडते. याला प्री-एको म्हणतात. १२८ ला हे सहज ऐकू येतं, ३२० ला क्वचित.

तिरपागडा:
हे सगळं मान्य, पण खर्ज यांचा प्रश्न कानाचा नाहीच. ड्राइव्ह जाणार आहे, सीडी पुन्हा रिप होणार नाहीत. आज एमपीथ्री केली आणि उद्या एएसी किंवा ओपससारखं दुसरं फॉरमॅट हवं झालं, तर लॉसीवरून (काही गाळणाऱ्या फॉरमॅटवरून) लॉसी करावं लागेल आणि दर वेळी थोडं झडेल. फ्लॅक असेल तर हवं ते, हवं तितक्यांदा काढा. त्यात मूळ आवाजाचा एमडी५ चेकसमही (आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो, म्हणजे काही वर्षांनी डिस्कवरची फाईल सडली आहे का ते तपासता येतं. एमपीथ्रीत ही सोय मुळात नाही. रिप करायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम वापरा. ते ॲक्युरेटरिप या ऑनलाइन नोंदीतून तुमची रिप इतरांच्या त्याच सीडीच्या रिपशी ताडून पाहतं.

ब्लूटूथचं म्हणाल तर फोन आवाज पाठवताना बहुतेक वेळा पुन्हा लॉसीत बदलतोच, ब्लूटूथची पद्धत एसबीसी असो वा एएसी. एलडॅक या तिसऱ्या पद्धतीचा कमाल दर ९९० केबीपीएस, पण तोही लॉसीच. तेव्हा फोनवर फ्लॅक कोंबण्यात अर्थ नाही.

खर्ज:
म्हणजे डिस्कवर फ्लॅक, फोनवर त्यातून काढलेली लहान फाईल. पटलं. फोनसाठी एमपीथ्री की ओपस? आणि कॅसेटचं राहिलंच.

कानसेन नसलेला:
फोनला चालत असेल तर ओपस, १२८ पुरे. या दराला ओपस एमपीथ्रीपेक्षा स्पष्ट सरस आहे. गाडीतल्या जुन्या प्लेअरला ओपस कळेलच असं नाही, तिथे एमपीथ्रीला तोड नाही. फोन ॲपलचा असेल तर एएसी घ्या, कटकट कमी. एकच जपा: जिथे एक गाणं दुसऱ्यात न थांबता मिसळतं असे अल्बम. एमपीथ्रीत प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते. प्लेअरने त्या शांततेची लांबी सांगणारा लेमचा टॅग वाचला नाही तर नेमका तिथेच आचका बसतो.

भोवरा:
कॅसेटबद्दल मी सांगते, कारण हे मी करत असते. खरखरीत आहे म्हणूनच लॉसलेस. फ्लॅक आवाजाचा पुढचा नमुना (आकडा) काय येईल याचा अंदाज बांधून फक्त चूक साठवतं. टेपच्या हिसचा (सततच्या सूं-सूं आवाजाचा) अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे कॅसेटची फ्लॅक फाईल अपेक्षेपेक्षा मोठी होते, घाबरू नका. एमपीथ्रीचीही त्या हिसवर दमछाक होते आणि बिट्स तिथेच खर्ची पडतात. त्यात तुम्ही पुढे कधीतरी हिस कमी करणार, उंच स्वर वाढवणार. एनकोडरने 'हे ऐकू येणार नाही' म्हणून जे फेकलेलं असतं त्याची भोकं तेव्हा उघडी पडतात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

घेताना २४ बिटला घ्या आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ९६ किलोहर्ट्झच्या भानगडीत पडू नका, ४४.१ किंवा ४८ पुरे. आधी कॅसेट प्लेअरचं हेड (टेप वाचणारा भाग) स्पिरिटने पुसा. हेडवर तपकिरी थर असेल तर उंच स्वर दबतात आणि मग कुठलाही फॉरमॅट ते परत आणत नाही. साफसफाई न केलेली मूळ फाईल वेगळी ठेवा, हिस काढलेली वेगळी.

खर्ज:
धन्यवाद मंडळी. सीडी फ्लॅकमध्ये, कॅसेट २४ बिट फ्लॅकमध्ये, फोनवर ओपस. दुसरी हार्ड डिस्क बॅकअपला घेतोय. भोवरा, हेड पुसायला कापूस चालेल की त्याचे धागे अडकतात?

भोवरा:
सुटा कापूस नको, कानात घालायच्या काड्या घ्या, घट्ट गुंडाळलेल्या. रबरी रोलरला मात्र स्पिरिट लावू नका, ते कडक होऊन तडकतं. तिथे ओलसर फडकं फिरवा आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावा.