मदत हवी आहे: ६.२ सीजीपीए, पाच केट्या आणि एमएसची इच्छा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आलंय म्हणून पहिलाच धागा काढतोय.

मी २०२१ चा मेकॅनिकल, पुण्यातलंच कॉलेज. सीजीपीए १० पैकी ६.२. वर्षवार सांगायचं तर ५.२, ५.४, ६.३ आणि शेवटच्या वर्षी ७.९. केट्या (नापास होऊन पुन्हा द्यावे लागलेले विषय) पाच, त्यातली एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) दोनदा. सगळ्या सुटल्या, वर्ष वाया गेलं नाही, एवढीच काय ती जमेची बाजू. तेव्हापासून चाकणला फिक्श्चर (यंत्रावर काम चालू असताना भाग पक्का धरून ठेवणारा साचा) डिझाइन करतोय. कामात मन रमलं आणि मॅन्युफॅक्चरिंगमध्ये परदेशात एमएस (पदव्युत्तर पदवी) करावंसं वाटायला लागलं.

मार्क का पडले? आजारपण, घरची अडचण असं काहीही नाही. ढोल-पथकात होतो. जुलैपासून रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव, रात्री साडेदहाला खोलीवर, आणि इन-सेम (सत्राच्या मधली परीक्षा) नेमकी त्याच दिवसांत. टिपरूने बोटं सोललेली असायची, पेन धरवायचं नाही. हे एसओपीत (प्रवेश अर्जासोबतच्या निवेदनात) लिहायचं का? लिहिलं तर हसतील, नाही लिहिलं तर पाच केट्या कशाच्या म्हणतील.

दुसरी भानगड म्हणजे ७.९ आलेलं वर्ष कोविडचं. ऑनलाइन एमसीक्यू. मित्र तोंडावर म्हणतात, 'ते मार्क तुझे नाहीत, वायफायचे आहेत.'

जर्मनीचं सूत्र लावून पाहिलं तर ३.३ येतं, आणि बहुतेक ठिकाणी २.५ मागतात. अमेरिकेसाठी ६.२ ला अडीचने भागलं तर ४ पैकी २.४८, तिथे ३ पाहिजे. म्हणजे दोन्ही दारं बंद? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

– टिपरू


राइनकाठ:
३.३ कसं काढलंत? तुम्ही बहुधा किमान उत्तीर्ण श्रेणी ५ धरली आहे. सूत्र असं: कमाल श्रेणीतून तुमची वजा करा, त्याला कमाल उणे किमानने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. किमान ५ धरली तर ३.८ भागिले ५, म्हणून ३.२८. पण ४० टक्क्यांना पास आणि त्याची श्रेणी ४ असेल, तर ३.८ भागिले ६, उत्तर २.९. गुणपत्रिकेची मागची बाजू बघा, तक्ता तिथे छापलेला असतो. जर्मनीत आकडा लहान तितका चांगला, हे माहीत असेलच.

२.९ ने २.५ वाली विद्यापीठं मिळणार नाहीत, त्यासाठी सीजीपीए पूर्ण ७ लागला असता. तिथे फी वाया घालवू नका. पण आकड्याची अट न घालता विषयांची जुळणी बघणारे अभ्यासक्रमही आहेत, ते एकेक करून शोधावे लागतात. त्यात तुमचे मशीन डिझाइन, मेट्रॉलॉजीचे क्रेडिट मोजले जातात. एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) मात्र आधी काढा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना ते लागतं, १८,००० रुपये जातात आणि वेळही बराच जातो.


सदाशिवपेठी:
पथक कोणतं?


टेंपीकर:
अडीचने भागायचं हे कोणी सांगितलं तुम्हाला? इथे अमेरिकेत तसं कोणी करत नाही. बऱ्याच अर्जांत स्पष्ट लिहिलेलं असतं की तुमच्याच मापात भरा, १० पैकी ६.२. जिथे वेससारख्या संस्थेकडून मूल्यांकन मागतात, तिथे एकेक विषय वेगळा धरून रूपांतर होतं आणि भारतातले ६० च्या पुढचे मार्क बहुधा ए मध्येच बसतात. त्यामुळे हाती येणारा आकडा २.४८ पेक्षा वर असण्याचीच शक्यता जास्त.

आणि अ‍ॅरिझोना स्टेटची अट नीट वाचा. ३.०० हवं, पण पदवीच्या शेवटच्या ६० क्रेडिट तासांत. म्हणजे तुमची शेवटची दोन वर्षं. तुमच्यासारख्या उशिरा जाग्या झालेल्यांसाठी ही अट देवासारखी आहे. मी स्वतः त्यातलाच.

जीआरई (प्रवेशासाठीची परीक्षा) जिथे ऐच्छिक आहे तिथेही द्या. ३४० पैकी गणिताच्या १७० मध्ये १६५ च्या वर आलात तर एम-थ्रीचं भूत बरंचसं उतरतं. आता परीक्षा जेमतेम दोन तासांची आहे, स्कोअर पाच वर्षं चालतो.


खडू-फळा:
अरे, तीस वर्षं शिकवलं, शेकडो शिफारसपत्रं लिहिली, म्हणून बोलते. ढोल लिहू नकोस असं सगळे सांगतील. मी म्हणते, एक वाक्य लिही. 'पहिली दोन वर्षं अभ्यासाकडे दुर्लक्ष केलं, ती चूक माझी', संपलं. त्यावर परिच्छेद लिहिलास की तो रडगाणं होतो. खोटं आजारपण तर मुळीच नको. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना विद्यापीठाने विचारलं तर ते काय सांगतील?

कोविडच्या मार्कांबद्दल वाद घालत बसू नकोस, तो तू जिंकणार नाहीस. त्याऐवजी चाकणचं काम दाखव. एखादं फिक्श्चर घे. आधी भाग बसवायला किती मिनिटं लागायची, नंतर किती, कुठे चुकलं, काय बदललं. ते एमसीक्यूने येत नाही. दोन पत्रं प्राध्यापकांची आणि एक कामावरच्या साहेबांचं असलं तर उत्तम. प्रोजेक्ट गाइडना आत्ताच भेट, डिसेंबरात नको. तेव्हा त्यांच्या टेबलावर तुझ्यासारखी चाळीस पोरं असतात.


टिपरू:
सगळ्यांचे आभार. @सदाशिवपेठी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

कपाट उघडून गुणपत्रिका काढल्या. मागे खरंच पी (पास) म्हणजे ४ छापलंय, म्हणजे २.९. टेंपीकरांच्या सांगण्यावरून शेवटची दोन वर्षं मोजली तर सरासरी ७.१. काल रात्रीपर्यंत हा आकडा माझ्या डोक्यातच नव्हता. फिक्श्चर कोणतं तेही ठरलं. एका ब्रॅकेटचं आहे, लोड करायला ११ मिनिटं लागायची, आता ४ लागतात. पहिला नमुना मात्र उलटा बसत होता, तेही लिहीन म्हणतो.

साहेबांकडे पत्र मागायचं म्हणजे सोडून जाणार हे सांगण्यासारखंच. दिवाळीचा बोनस झाल्यावर विचारतो.

आता एक शेवटची शंका. आईने पहिल्या दोन वर्षांच्या सगळ्या गुणपत्रिका कौतुकाने लॅमिनेट करून ठेवल्यात, एम-थ्री नापासवाली धरून. ट्रान्सस्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाचा अधिकृत उतारा) काढताना त्या चालतात का, की दुय्यम प्रती काढाव्या लागतील? हल्ली कोणी काढल्या असतील तर सांगा.